वर्ध्याचा वाडा व सेवाग्रामची कुटी

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, ही म्हण आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असेल. परंतु घर पहावें पाडून, असें कोणी म्हणून ठेविलेलें नाहीं. आणि आमच्या पिढीवर तर तोच प्रसंग ओढवला आहे. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गांवांतून जुने वाडे भराभर उतरत आहेत, व त्यांच्या जागीं चार-चार मजल्यांच्या फ्लॅटांच्या इमारती उभ्या राहत आहेत. आमचा वर्ध्याचा वाडा त्यांतलाच एक. त्याचा निकाल लावण्याकरितां यंदाच्या वैशाखांत आम्ही उभयतां वर्ध्यास गेलों होतों. त्या चार दिवसांत जें पाहिलें व जें ठरलें, तें येथें सांगावयाचें आहे. पुष्कळ घरांतून हाच प्रश्न आज ना उद्या निघणार असल्यामुळें तें कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, अशी आशा वाटते.

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनें निघालें म्हणजे दुसऱ्या दिवशीं बडनेरा मागें पडतांच काळी जमीन दोन्ही बाजूंस पसरूं लागते. वैशाखांत तिच्यावर हिरवें पान क्वचितच दिसतें. उन्हानें ती भेगाळलेली असते, आणि कांहीं भेगा इतक्या रुंद कीं त्यांत हात सहज जावा. पुलगांवाच्या अलीकडे गाडी वर्धा नदी ओलांडते व अमरावती जिल्हा सरून वर्धा जिल्हा लागतो. ही जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. ओल धरून ठेवण्याच्या तिच्या गुणामुळें येथें कापूस पिकतो, आणि फुगण्या-आकसण्याच्या अवगुणामुळें घरांच्या भिंती तडकतात. शेतकऱ्याची ती आई आहे. गवंड्याची मात्र सावत्र आई.

वर्धा शहर तसें वयानें लहान. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून हा जिल्हा निराळा काढला, तेव्हां त्याचें मुख्य ठाणें पुलगांवाजवळ कवठा येथें होतें. पुढें १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं नवें गांव आंखून वसविण्यांत आलें व नदीचें नांव त्यास मिळालें. म्हणजे जुनें उतरवून त्या जागीं योजनेनें नवें बांधणें, ही या गांवाला परकी गोष्ट नव्हे; गांवाचा जन्मच त्या रीतीनें झाला आहे. स्टेशनावरून घरीं जातांना हा विचार मनांत आला आणि वाडा पाडण्याच्या कल्पनेनें जें ओझें वाटत होतें, तें किंचित् हलकें झालें.

आमच्या पणजोबांनीं बांधलेला हा वाडा जुन्या वस्तींत आहे. पन्नास फूट रुंद व एकशें दहा फूट खोल अशी जागा. पुढें छपरी, मग चौक, चौकाच्या तीन बाजूंस खोल्या, मागें परसू व परसांत विहीर. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौलें. एके काळीं या छपराखालीं सत्तावीस माणसें जेवत असत. आज तेथें आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या काकू आणि दोन भाडेकरी कुटुंबें एवढींच माणसें उरलीं आहेत. एक कुटुंब शिवणकाम करणारें, दुसरें एका निवृत्त कंपाउंडरांचें. दोन्ही चाळीस वर्षांपासून तेथेंच आहेत. वाड्याचे हिस्सेदार पांच: स्वतः काकू, नागपूरचे, यवतमाळचे व भोपाळचे असे आमचे तिघे चुलत बंधु, आणि आम्ही. मागल्या श्रावणांत माजघरावरची तुळई मोडून छप्पर खालीं आलें. काकू त्या वेळीं देवघरांत होत्या म्हणून वांचल्या. तेव्हांपासून वाडा राखावा असें म्हणण्यास कोणाचीहि जीभ रेटेना.

एका बिल्डरांनीं नकाशा करून ठेविलाच होता. तळाला मोटारी, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार, असे सोळा फ्लॅट. आठ त्यांचे व आठ आमचे. आमच्या आठांपैकीं पांच हिस्सेदारांस पांच मिळावयाचे. उरलेले तीन विकून ती रक्कम वांटून घ्यावयाची. जुन्या भाडेकऱ्यांस कायद्याचें संरक्षण आहे, परंतु हातांत रोख रक्कम पडली म्हणजे तेहि सही करून जातात, असा अनुभव त्यांनीं सांगितला. हिशेब इतका गुळगुळीत होता कीं बोट ठेवण्यास कोठें जागा नव्हती.

काकूंनीं चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला आणि मग विचारलें, “यांत दुपारीं बसायचं कुठं?”

कोणी उत्तर दिलें नाहीं. तेव्हां त्या पुढें म्हणाल्या, “पापड वाळवायचे कुठं, पाहुणा आला तर निजवायचा कुठं, आणि मी मेले म्हणजे मला ठेवायचं कुठं? त्या एवढ्याशा जिन्यावरून उभी करून आणाल कीं काय?”

नकाशांत झोपण्याच्या खोल्या होत्या, स्वयंपाकघर होतें, टी. व्ही.ची भिंतहि दाखविलेली होती. काकूंनीं विचारलेलीं स्थळें मात्र कोठेंच नव्हतीं. आम्ही गोंधळून गेलेले पाहून त्याच म्हणाल्या, “घराचा विचार करतां आहां ना? मग आधीं सेवाग्रामला जाऊन या.”

वर्ध्यापासून सेवाग्राम सुमारें आठ किलोमीटर. १९३० सालीं साबरमती सोडल्यावर गांधीजी जमनालाल बजाजांच्या आग्रहानें वर्ध्यास आले, कांहीं काळ मगनवाडींत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजीं शेगांव नांवाच्या या खेड्यांत रहावयास गेले. मीराबहेन त्यांच्याआधींच तेथें जाऊन राहिल्या होत्या. शेगांव नांवाचें दुसरें प्रसिद्ध गांव विदर्भांत असल्यामुळें टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० सालीं याचें सेवाग्राम असें नामकरण झालें. रहावयास जाण्यापूर्वीं, मार्च १९३६ मध्यें, गांधीजींनीं जमनालालजींस पत्र लिहून एक अट घातली होती: झोपडीस शक्य तितका कमी खर्च व्हावा, आणि कोणत्याहि परिस्थितींत तो शंभर रुपयांच्या वर जाऊं नये. स्वस्त घर कसें बांधावें याची चर्चा आज सरकारदरबारीं चालते. येथें मात्र ज्याला रहावयाचें त्यानेंच आधीं आंकडा ठरविला व मग घराला त्या आंकड्यांत बसविलें.

पहिली वास्तु ‘आदि निवास’. एकच मोठें दालन व भोंवतीं पडवी. आरंभीं गांधीजी, कस्तूरबा, त्यांचे सहकारी, आणि पाहुणे म्हणून आलेले खान अब्दुल गफारखान हे सर्व याच छपराखालीं राहत. ज्यानें त्यानें आपला कोपरा धरावा, एवढीच वांटणी. ‘एकत्र कुटुंब’ या शब्दाचा अर्थ आम्ही लहानपणीं जसा पाहिला, तसाच तो येथें दिसला.

‘बापूकुटी’ ही मुळांत मीराबहेनची झोपडी. पुढें गांधीजी तींत राहूं लागले. मातीच्या जाड भिंती, बांबू, लांकडी वासे, वर कौलें, आणि भिंतींवर ऊन येऊं नये इतकें खालीं ओढलेलें छप्पर. भिंतीच्या गिलाव्यांत मीराबहेनींनीं उठावाचीं झाडें काढलीं आहेत. बाहेर दुपारचे दोन वाजले होते व ऊन डोळ्यांस सोसवत नव्हतें. आम्ही शेणानें सारवलेल्या जमिनीवर टेकलों, आणि पांच मिनिटांत कपाळावरचा घाम वाळला. कोठेंहि पंखा नव्हता. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “आपल्या माजघरांत अस्संच वाटायचं.” ज्या माजघरावरचें छप्पर श्रावणांत खालीं आलें, त्याची किंमत आम्हांला येथें येऊन कळली.

इव्हान इलिच या विचारवंतानें जानेवारी १९७८ मध्यें सेवाग्राम येथें भरलेल्या एका परिषदेचें उद्घाटन करतांना या कुटीवरच भाषण केलें होतें. कुटींत बसून त्यानें तिच्यांतील स्थळें मोजलीं. तीं सात भरलीं. पादत्राणें काढून मन आवरण्याची जागा, अनेकांना एकत्र बसतां येईल अशी मधली खोली, गांधीजींची काम करण्याची बैठक, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी पडवी, आणि ऐसपैस न्हाणीघर, अशा जागांची त्यानें नोंद केली. आम्ही मनांतल्या मनांत बिल्डरांचा नकाशा पुढें घेतला. त्यांत खोल्या चार होत्या. पाहुण्याला व आजाऱ्याला जागा नव्हती. काकूंनीं विचारलेले प्रश्न व या विद्वानाची ही मोजणी यांत आम्हांस फारसें अंतर दिसेना.

लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाची हकीकतहि येथें आठवते. १९४० नंतरच्या दशकांत मुंबईस गांधीजींशीं त्यांची गांठ पडली. आदर्श खेड्यांतील आदर्श घर पांच मैलांच्या टापूंत मिळणाऱ्या सामानानें बांधलेलें असावें, हा गांधीजींचा विचार त्यांनीं तेव्हां ऐकला आणि पुढें केरळांत जन्मभर तो आचरणांत आणला. विटा नेहमींप्रमाणें आडव्या न रचतां काठावर उभ्या रचावयाच्या व मध्यें पोकळी ठेवावयाची, ही त्यांची आवडती रीत. तिनें सुमारें एक चतुर्थांश विटा वांचतात, आणि पोकळींतली हवा उन्हाची धग आंत येऊं देत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राकडे गेलों. देवेंद्रकुमार यांनीं १९७६ सालीं ही संस्था स्थापिली. तिनें प्रचारांत आणलेलें शंक्वाकृति कौल पाहण्यासारखें आहे. कुंभार चाकावर एका टोंकाला रुंद व दुसऱ्या टोंकाला निमुळतें असें पोकळ नळकांडें घडवितो. भाजल्यावर तीं एकांत एक खोंवून कमान करावयाची, आणि अशा कमानी शेजारीं-शेजारीं रचून छप्पर पुरें करावयाचें. लांकूड नको व लोखंडहि नको. नळकांड्यांच्या पोटांत हवा राहिल्यामुळें छप्पर तापत नाहीं, आणि पैसा गांवच्या कुंभाराच्या हातीं जातो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मातीच्या भिंतींवर चार मजले चढत नाहींत, आणि शहरांतल्या महाग जागेवर सर्वांनीं एकमजली कुट्यांत रहावें, असें म्हणणें हा शुद्ध अव्यवहार आहे. कुटी उचलून आणतां येत नाहीं. तिच्यांतला विवेक तेवढा आणतां येतो. तो कसा आणावा, हें काम आमच्या पुतणीनें अंगावर घेतलें. नागपूरच्या बंधूंची ही कन्या वास्तुविद्येची पदवीधर आहे. तिनें दोन रात्री जागून नवा नकाशा काढला व तिसऱ्या दिवशीं चौकांत सतरंजीवर पसरला.

तिनें पहिल्यानें पायाची गोष्ट काढली. परसांत खड्डा घेऊन पाहिला होता. आठ फुटांवर मुरूम लागला. आमचे वृद्ध मिस्त्री म्हणाले, “काळ्या मातीचा भरवसा नाही जी. घर तिच्यावर नका ठेवू, तिच्याखाली न्या.” पुतणीनें तेंच शास्त्राच्या भाषेंत समजाविलें. एक तर मुरमापर्यंत खणून पाया घ्यावा. नाहीं तर तळाशीं कंदासारखा फुगवटा असलेले कांक्रीटचे खांब खोल उतरवावे. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें विकसित केलेल्या या खांबांना वरची माती फुगून उचलूं शकत नाहीं. स्वस्त घराच्या नांवाखालीं काटकसर करावयाची ती टाइल्सवर करावी, पायावर कधींहि करूं नये, हें तिचें पहिलें सूत्र.

दुसरें सूत्र चौकाचें. इमारतीच्या मधोमध चौदा फूट रुंद व वीस फूट लांब असा चौक आभाळापर्यंत उघडा ठेवावयाचा, व प्रत्येक मजल्यावर त्याच्याकडे तोंड करून पांच फूट रुंद सामाईक गॅलरी काढावयाची. तापलेली हवा चौकांतून वर निघून जाते व प्रत्येक घराला दोन बाजूंनीं वारा मिळतो. दुपारीं बसणें, पापड वाळविणें, पाहुण्याची खाट टाकणें हीं सर्व कामें गॅलरींत. पश्चिमेच्या बाजूस जिना व न्हाण्या ठेवावयाच्या, म्हणजे मावळतीचें ऊन त्या झेलतात आणि निजण्याच्या खोल्या वांचतात. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवावयाचे. वैदर्भी घरांत कूलर म्हणजे घरचा एक माणूसच. त्याला बाहेरच्या भिंतींत छज्जाखालीं स्वतःची जागा द्यावयाची. भिंतींस कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा. पांच मैलांची मर्यादा येथें मोडली. परंतु जी राख नाहीं तर ढीग होऊन पडावयाची ती कामीं लागते, आणि शेतांतली सुपीक माती विटांच्या भट्टींत जात नाहीं, म्हणून आम्हीं ती मान्य केली.

विहीर बुजवावयाची नाहीं, असें तिनें बजाविलें. अडीच हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडला, तर सव्वादोन लाख लिटरच्या आंतबाहेर पाणी होतें. गळती वजा जातां दीड लाख लिटर तरी गाळून विहिरींत सोडतां येईल. आजवर तें गटारांत जात होतें.

नंतर मापांची गोष्ट निघाली, आणि येथें आमच्या वाचकांनीं कान द्यावा. बिल्डरांच्या कागदांत प्रत्येक फ्लॅट ८५० चौरस फुटांचा होता. पुतणीनें मोजला तो ६१०. जिना, बाहेरच्या भिंती व इतर सामाईक जागा मिळवून आंकडा फुगविलेला होता. २०१६ च्या रेरा कायद्यानें घराचें चटईक्षेत्र म्हणजे काय, हें ठरवून दिलें आहे: बाहेरच्या भिंतींच्या आंतलें वापरण्याजोगें क्षेत्र, त्यांत आंतल्या भिंती धरावयाच्या, बाल्कनी व उघडी गच्ची धरावयाची नाहीं. ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधणींत दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारीहि त्याच कायद्यानें बिल्डरावर टाकली आहे. २०१५ सालीं निघालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत सर्वांत दुर्बल गटाच्या घराचें माप ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारें ३२३ चौरस फूट, धरलें होतें. आमच्या नव्या नकाशांतलें प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचें. माप कमी झालें खरें, पण गॅलरी व चौक मिळविला तर जगण्याची जागा वाढली.

आतां खरी अडचण. नव्या नकाशांत चौथा मजला नव्हता. वरचे तीन मजले चार-चार घरांचे, आणि तळाला मोटारींची जागा कमी करून दोन घरें. एक काकूंना व एक कंपाउंडरांना, कारण दोघांचेहि गुडघे जिना चढूं देत नाहींत. एकूण चौदा. चौथा मजला गेल्यामुळें तूर्त लिफ्टचा खर्च वांचत होता. तिची जागा मात्र राखून ठेविली होती. त्यावर बिल्डर बऱ्याच घासाघिशीनंतर सात घरांस कबूल झाले. आमचीं सात राहिलीं: पांच हिस्सेदारांचीं व दोन भाडेकऱ्यांचीं. विकावयास एकहि उरलें नाहीं.

यवतमाळचे बंधु इतका वेळ गप्प होते. दुकानाच्या कर्जानें ते दोन वर्षें गांजलेले आहेत, हें सर्वांस ठाऊक होतें. ते शांतपणें म्हणाले, “तीन फ्लॅट गेले, त्यांत माझं किती गेलं, हा हिशेब सेवाग्रामला कुठं लिहून ठेवला आहे का, दादा?”

आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. दोन दिवस साधेपणाच्या गोष्टी सांगत हिंडणें आम्हांस सोपें होतें. कारण त्यांची किंमत दुसरा कोणी देणार होता.

त्या रात्रीं चौकांत खाटा टाकून निजलों. झोंप येईना. सौभाग्यवतींनीं अंधारांत विचारलें, “आपल्या वांट्याच्या फ्लॅटमधें कोण राहणार?” पुण्यास आमचें घर आहे; मुलगा परदेशीं. वर्षांतून आठ दिवस आम्ही येथें येऊं, आणि उरलेले तीनशें सत्तावन्न दिवस दाराला कुलूप राहील. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील शहरांतून एक कोटीहून अधिक घरें रिकामीं आढळलीं होतीं. आणि त्याच सुमारास, २०१२ सालीं, सरकारच्याच तज्ज्ञांनीं शहरांत सुमारें १ कोटी ८८ लक्ष घरांचा तुटवडा असल्याचें सांगितलें होतें. तुटवडा व कुलपें हीं एकाच देशांत एकाच वेळीं कशीं नांदतात, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटे. त्या रात्रीं त्याचें कारण आमच्याच खाटेवर निजलेलें आहे, हें ध्यानांत आलें.

तरी मन सहजासहजीं तयार झालें नाहीं. वडिलोपार्जित जागेंत आपलें नांव रहावें, हा मोह लहान नाहीं. पहांटे उठून आम्ही विहिरीपाशीं बराच वेळ बसून राहिलों. मग चहाच्या वेळीं सांगितलें कीं, आमच्या वांट्याचें घर विकावें. त्याची निम्मी रक्कम यवतमाळच्या बंधूंस द्यावी, निम्मी आम्ही घेऊं. तीन फ्लॅटांच्या विक्रींत त्यांचा वांटा तीन पंचमांश फ्लॅटाएवढा आला असता. आतां अर्ध्या घराची रक्कम त्यांस मिळणार. तोटा कांहीं राहिलाच, पण सोसण्याजोगा झाला. नागपूर व भोपाळच्या बंधूंनीं आम्हांला रोख रकमेची गरज नाहीं, असें सांगून टाकलें. यवतमाळचे बंधु “विचार करून कळवतो” एवढेंच म्हणाले व दुपारच्या गाडीनें गेले. आठ दिवसांनीं त्यांचा फोन आला: सही करतों.

निघतांना काकूंस नमस्कार केला. घरांतला आपला वांटा सोडला, याचें वाईट वाटतें कीं काय, हें त्यांनीं आमच्या तोंडाकडे पाहून ओळखलें असावें. त्या म्हणाल्या, “पाहुणा म्हणून येत जा. गॅलरींत निजायला जागा आहे.” शिवणकाम करणारी बाई दारांत उभी होती, आपलें यंत्र नव्या घरांत कोणत्या खिडकीपाशीं ठेवावें, हें ती आमच्या पुतणीला विचारीत होती.

दिवाळीनंतर वाडा उतरेल. सागवानी तुळयांपैकीं चांगल्या निघतील त्यांचीं दारें व्हावयाचीं आहेत. तुळशीवृंदावन नव्या चौकांत, जिन्याच्या समोर, अशा बेतानें ठेवावयाचें आहे कीं त्याच्या बाजूनें खाट सहज नेतां यावी. ती जागा काकूंनीं स्वतः दाखवून दिली आहे.